मुंबईत कमी खर्चात मेटल डिटेक्टिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा वर्षांपूर्वी भाच्याच्या नादाने मी मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू जवळ आला की वाजणारं मशीन, घेऊन वाळूत पडलेल्या वस्तू शोधायला सुरुवात केली. तो कॉलेजात गेला, त्याचा नाद सुटला, मशीन माझ्याकडे राहिलं. आता रविवारी पहाटे चौपाटीवर कॉइल (मशीनच्या दांड्याच्या टोकाची चकती) फिरवताना दिसले की मॉर्निंग वॉकवाले थांबून ठरलेले प्रश्न विचारतात. तीच उत्तरं इथे, जरा सविस्तर.

काय हरवलंय?

काही नाही. हा प्रश्न पहिला येतो म्हणून पहिला घेतला. दुसरा असतो, "सोनं सापडतं का?" त्याचं उत्तर खाली हिशेबात आहे.

सुरुवातीला एकूण किती खर्च येतो?

माझा आला ६,४७० रुपये. त्यात सेकंडहँड मशीन ५,८००. बाकीचं सामान असं की वाचून हसू येईल. वाळू चाळायला पुऱ्या तळायचा मोठा स्टीलचा झारा, भुलेश्वरच्या भांडी बाजारातून. खणायला खुरपं. कानाला घरात पडलेले जुने हेडफोन. मशीनचं भोक जाड पिनेचं निघालं म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एक अडॅप्टर आणला. कमरेला शिंप्याकडून शिवून घेतलेली दोन कप्प्यांची कापडी पिशवी : एक कप्पा कचऱ्याचा, एक "बघू या"चा. कचऱ्याचा मोठा शिवून घ्या.

गॅरेट, माइनलॅब, नोक्ता या नावाजलेल्या कंपन्यांची सुरुवातीची मॉडेल्ससुद्धा आपल्या हातात येईपर्यंत सहसा वीस हजारांच्या पुढे जातात. परदेशातून मागवलंत तर कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा. माझं स्पष्ट मत : पहिल्या वर्षी एवढे पैसे घालू नका. या छंदातले निम्मे लोक तीन रविवारांत कंटाळतात, आणि त्यांचीच मशीन्स मग अर्ध्या किमतीत विकायला निघतात. तिथे आपण उभं राहायचं.

ऑनलाइन मिळणाऱ्या चार-पाच हजारांच्या चिनी मशीनने कोरड्या वाळूत शिकता येतं. फक्त तीन गोष्टी बघून घ्या. दांडा तुमच्या उंचीला पुरतो ना, कॉइल पाणी लागलं तरी चालणारी आहे ना, आणि "तीन मीटर खोल" असं कुठे लिहिलेलं नाही ना. रुपयाएवढी वस्तू स्वस्त मशीनला वीतभर खोलीवर मिळाली तर देवाचे आभार माना. तीन मीटरचा दावा करणारा बाकीचंही खोटंच सांगत असणार.

आणि ती अँटेनावाली, "अर्ध्या किलोमीटरवरून सोनं दाखवणारी" मशीन्स?

थापा. हातात धरायची मूठ, पुढे हलणारी अँटेना, आत काहीही नाही. असल्याच पोकळ वस्तू बॉम्बशोधक म्हणून इराकसारख्या देशांना विकणाऱ्या माणसाला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची कैद झाली. त्या देशांची सरकारं फसली, आपली काय कथा.

मशीन काम कसं करतं?

कॉइलमध्ये तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूतही छोटे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, आणि त्यांचं क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं. प्रतिसाद किती उशिराने आला यावरून मशीन धातूचा अंदाज बांधतं. अंदाजच.

टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ साली अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असंच यंत्र वापरलं होतं. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनीही घोळ घातला.

माझाही पहिला रविवार असाच गेला. गिरगाव चौपाटीवर मशीन दर पावलाला ओरडत होतं. वाळू उपसून उपसून गुडघे भरून आले, हाती शून्य. तासाभराने भाचा म्हणाला, "मावशी, खुरपं काढ बघू." खुरपं माझ्या कमरेला लटकत होतं आणि कॉइल आत आली की तेच वाजत होतं. कडं, जाड बांगड्या, पायातल्या बुटाच्या लोखंडी कड्या, खिशातला मोबाइल, सगळं कॉइलपासून लांब ठेवा.

मुंबईत जायचं कुठे?

चौपाट्यांवर, आणि तिथेही कोरड्या वाळूपासून सुरुवात. गिरगाव, जुहू, वर्सोवा सोपे. मनोरी-गोराईला निवांतपणा जास्त. अक्सा बुडण्याच्या घटनांसाठी बदनाम आहे, तिथे पाण्याच्या कडेला एकट्याने जाऊ नका.

माणसं जिथे बसतात तिथे वस्तू पडतात. पाण्याकडे बघत बसायची जागा, भेळेच्या गाड्यांसमोरचा पट्टा, पोरं व्हॉलीबॉल खेळतात ती जागा. पाकिटातून पैसे काढताना, लहान मुलाच्या पायातली वाळू झटकताना, वाळूत हात रोवून उठताना. एक रविवार मशीन घरी ठेवून संध्याकाळी नुसतं बघत बसा, कुठे शोधायचं ते आपोआप कळेल.

शिवाजी पार्क, ओव्हल, आझाद मैदान, महापालिकेच्या बागा : खणू नका. संजय गांधी उद्यान हे तर राष्ट्रीय उद्यान, तिथे मशीन बाहेरसुद्धा काढू नका. पुनर्विकासात पाडलेल्या चाळींच्या जागा मोहात पाडतात. पण ती खाजगी जागा असते, वर अर्धवट भिंती उभ्या असतात, आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय आत जाणं म्हणजे सरळ घुसखोरी.

वेळ कोणती चांगली?

या एका प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. पैसे मशीनवर कमी घाला, पण भिंतीवर कालनिर्णय मात्र हवंच.

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दुपारी तशीच रात्री, दिवसाला दोन भरत्या. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघून घ्या. पण वर्सोव्यात एका मासळीवाल्या मावशींनी मला हा हिशेब बोटांवर करून दाखवला, तेव्हापासून मी आधी तिथीच बघते.

आता यातली गंमत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं : पाणी खूप वर चढतं आणि खूप मागेही हटतं. आणि नेमकी त्याच दिवसांत ओहोटी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास येते. म्हणजे उजाडताना सर्वांत रुंद वाळू मोकळी, गर्दी नाही, ऊन नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी. पाणी फारसं हटत नाही आणि ओहोटी भर दुपारी बाराला. अष्टमीला मी घरी झोपते.

पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा आणि हटत्या पाण्यामागे चालत जा. पाणी वळलं की तुम्हीही वळा.

वर्षातला सर्वोत्तम काळ पावसाळा संपल्यावरचा. जून ते सप्टेंबर लाटा वाळूचा वरचा थर ओढून नेतात, खाली दबलेलं वर येतं. ऑक्टोबरात जिथे वाळूला पायरीसारखा काप पडलेला दिसेल तिथे त्या पायरीच्या पायथ्याशी कॉइल फिरवा.

ओल्या वाळूत मशीन वेड्यासारखं का ओरडतं?

खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे मशीनला अख्खी ओली वाळूच धातूसारखी भासते. एकाच फ्रिक्वेन्सीवर (म्हणजे प्रवाह एकाच ठरावीक वेगाने उलटसुलट करून) चालणाऱ्या स्वस्त मशीनचं हे दुखणं आहेच. सेन्सिटिव्हिटी कमी करा, कॉइल वाळूपासून दोन बोटं वर धरा, किंवा कोरड्या वाळूत परत या. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारी मशीन्स आणि पल्स इंडक्शनवाली (प्रवाहाचे तुटक झटके सोडणारी) मशीन्स मिठाला दाद देत नाहीत, पण ती पहिल्या वर्षाची खरेदी नव्हे.

व्हिडिओत सांगतात, "लोखंड बंद करून ठेवा". करू का?

थांबा. "लोखंड बंद" म्हणजे लोखंडाला मशीन वाजूच नये अशी सोय. पण ते व्हिडिओ परदेशातले, तिथल्या नाण्यांसाठी आहेत.

आपलं १९९२ नंतरचं रुपयाचं नाणं आणि २००५ नंतरचं दोन रुपयांचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं आहे. फ्रिजवरचा चुंबक लावून बघा. "लोखंड बंद" केलंत की मशीन यांना खिळ्यांच्या रांगेत बसवतं, नाहीतर धातू कोणता ते सांगणारा पडद्यावरचा आकडा उड्या मारत राहतो. जुन्या पैशांची गोष्ट उलट. चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, षट्कोनी तीन पैसे हे बहुतेक ॲल्युमिनियमचे, ते मशीनला ॲल्युमिनियमच्या कचऱ्यासारखे वाटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला भोकाचा पैसा काशाचा. तो मात्र खणखणीत वाजतो. मला एकच मिळाला आहे, आणि तो आजीच्या डब्यातला असल्यासारखा वाटला.

आता सर्वांत महत्त्वाचं. बारीक सोन्याची अंगठी, फॉइलचा गोळा आणि कॅनची कडी हे तिघं मशीनच्या आकड्यांत एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात. फॉइलला कंटाळून आकड्यांचा तो पट्टा बंद केलात की सोनंही गेलं. म्हणून चौपाटीवर पहिले सहा महिने काहीही बंद करू नका. जे वाजेल ते उकरा. विसर्जनानंतरच्या गिरगावात हे जिवावर येतं, कबूल. अगरबत्तीच्या पुड्यांची चांदी आणि बाटल्यांची बुचं संपत नाहीत.

विसर्जनानंतर खूप मिळतं म्हणतात. जाऊ का?

मी जात नाही. त्या दिवसांत चुंबक आणि चाळणी घेऊन नाणी गोळा करणारे लोक असतात आणि त्यांचं पोट त्यावर आहे. सोनारांच्या दुकानातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. झवेरी बाजारात घमेलं घेऊन गटारांशी बसलेले लोक आजही दिसतात. वस्तू शोधणं हा आपला छंद आहे, त्यांचा धंदा. पंधरा दिवस थांबा.

वाळूत मंगळसूत्र पडलंय, सापडेल का?

जागा नक्की माहीत असेल तर शक्यता चांगली. पण मशीन मंगळसूत्र कसं "बघतं" ते समजून घ्या. काळे मणी काचेचे, ते वाजत नाहीत. बारीक साखळी फार वाईट वाजते, कारण मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक इवलीशी कडी दिसते. वाजतात त्या वाट्या, आणि त्याही पातळ पत्र्याच्या, आत लाख भरलेल्या, म्हणजे आवाज दबकाच.

दोन वर्षांपूर्वी जुहूला एका ताईंचं असंच पडलं. त्या रडत होत्या, यजमान जवळच्या पोरांकडून वाळू उपसून घेत होते. उपसणं आधी थांबवलं, कारण प्रत्येक ओंजळीबरोबर वस्तू खोल जाते किंवा दुसऱ्या ढिगात जाते. मग विचारलं, "ताई, चटई कुठे होती? उठताना तोंड कुणीकडे होतं?" चटईच्या चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या, आणि पट्ट्यापट्ट्याने, आधीच्या पट्ट्यावर निम्मी कॉइल चढवत फिरले. तीन बुचं, एक सेफ्टी पिन. चौथ्या पट्ट्यात अगदी पुसट, पण दोन्ही बाजूंनी तसाच येणारा सूर. झाऱ्यात वाळू गळली आणि वाट्या राहिल्या. साखळी त्यांनाच अडकून आली.

"दोन्ही बाजूंनी तसाच" हे लक्षात ठेवा. कचरा बऱ्याचदा एका बाजूने वाजतो, उलट फिरवलं की गप्प.

किल्ल्यांवर गेलं तर? शिवडी, सायन, माहीम, वांद्रे?

नाही. शिवडीला नाही, सायनला नाही, वसईलाही नाही. संरक्षित स्मारकांच्या जागी परवान्याशिवाय खणता येत नाही; १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घारापुरी, कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर यांनाही हेच लागू.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मातीच्या कोणत्या थरात नाणं होतं यावरून त्या जागेचं वय कळतं. नाणं उपटून घरी आणलं की उरते ती नुसती धातूची चकती.

परदेशात लोकांना हंडेच्या हंडे सापडतात ते?

तिथला कायदा वेगळा. इंग्लंडमधला स्टॅफर्डशायरचा खजिना २००९ साली एका छांदिष्टालाच सापडला, त्याची किंमत ३२.८५ लाख पौंड ठरली आणि ती त्याच्यात आणि शेतमालकात वाटली गेली. ते व्हिडिओ कॉइल फिरवायची पद्धत शिकायला बघा, स्वप्नं रंगवायला नको.

मग आपल्याकडे खरंच जुनं काही सापडलं तर?

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची (हो, दहाच; १८७८ चे दहा) वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जामीन द्यायचा. मालक कोणी ठरला नाही तर, दोघांत वेगळा करार नसल्यास, तीन हिस्से शोधणाऱ्याला, एक हिस्सा जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येते. लपवलंत तर हिस्सा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. शहर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी फोर्टात बसतात, उपनगराचे वांद्रे पूर्वेला.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. त्या खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आणि कालपरवा पडलेली अंगठी?

ती कोणाची तरी आहे. "सापडली म्हणजे माझी" असं कायद्यात नाही. मालकाचा शोध न घेता खिशात घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा होऊ शकतो. जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा आणि पोच घ्या. फोटो टाकलात तर आतल्या बाजूला कोरलेलं नाव झाका, म्हणजे खरा मालक ते सांगून ओळख पटवेल.

पोलिसांनी हटकलं तर?

हटकणारच. या शहराने १९९३ आणि २००८ बघितलंय. पहाटे किनाऱ्यावर हेडफोन लावून वाळू उकरणारा माणूस संशयास्पद दिसतो, आणि दिसायलाच हवा. ओळखपत्र जवळ ठेवा, मशीन बंद करा, पिशवीतला कचरा दाखवा. बुचांनी भरलेला कप्पा बघितला की बहुतेक हवालदार हसतात. जायला सांगितलं तर वाद न घालता जायचं. नौदल, गोदी, बंदराच्या हद्दीजवळ फिरकूच नका.

गोदीचा विषय निघालाच आहे, तर तिथलं सोनं?

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला; जहाजावर दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. एक वीट उडून मैलभर लांब एका घरावर पडली, ती घरमालकाने परत केली. गाळ काढताना नंतरही विटा मिळत राहिल्या. पण ती बंदराची बंदिस्त हद्द आहे, आणि त्या गाळात विटांबरोबर न फुटलेले गोळेही निघालेत. कुठेही गोळ्यासारखं, काडतुसासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे या आणि ११२ ला फोन करा.

गावच्या शेतात चालवू का?

परवानगीच्या दृष्टीने याहून सोपं काही नाही, काकांना विचारायचं. पण कोकणातली लाल जांभ्याची माती लोहयुक्त असते आणि घाटावरच्या काळ्या दगडातही लोह भरपूर. स्वस्त मशीन तिथे बावचळतं. ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायची सोय) हाताने जुळवता येतो असं मशीन असेल तरच मजा. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूचंही तेच. चुंबक फिरवा, काळे कण मिशीसारखे चिकटले की समजा आज खोलवरचं काही मिळणार नाही.

एक मात्र होईल : दुसऱ्या दिवशी गावभर "गुप्तधन काढायला मुंबईहून मशीन आणलंय" अशी बातमी. पाठोपाठ मांत्रिकाचा नंबर देणाराही भेटतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, हे त्याला चहा देऊन सांगावं.

मशीन घरी बनवता येईल?

हात सोल्डरिंगवर बसलेला असेल तर हो. 'पायरेट' नावाचं पल्स इंडक्शनचं सोपं सर्किट प्रसिद्ध आहे : एक ५५५ टायमर, एक टीएल०७२ ॲम्प्लिफायर, एक आयआरएफ७४० मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारा भाग), १२ व्होल्टची बॅटरी, आणि साधारण १९ सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलला अर्धा मिलिमीटर तारेचे २५ वेढे. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळतात. वेढे पातेल्यावर घ्या, मग पातेलं काढायला विसरू नका. हे मशीन खिळा आणि अंगठी यांत फरक करत नाही.

खणून झाल्यावर?

खड्डा बुजवा. मागून धावत येणाऱ्या पोराचा पाय मोडतो. सापडलेला कचरा परत वाळूत टाकू नका. हातमोजे घाला, काचा आणि सुया असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. घरी आल्यावर कॉइल गोड्या पाण्याने पुसा आणि बॅटऱ्या काढून ठेवा. मी एकदा तशाच ठेवल्या, तीन आठवड्यांत स्प्रिंगवर हिरवी बुरशी चढली होती.

पैसे सुटतात का?

माझ्या वहीतून, गेल्या ऑक्टोबर ते मे : चालतील अशी नाणी ४१३ रुपयांची, चांदीची जोडवी तीन (जोडी एकही नाही), पैंजणाचे घुंगरू, एक सोन्याची बाळी जी पोलिसांत दिली, मोटरसायकलच्या चाव्या चार, आणि बुचं मोजणं डिसेंबरात सोडून दिलं. बॅटऱ्यांचे पैसे निघाले, रिक्षाचे नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

किनाऱ्यावर जायचं नाही. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पेपरात छापून येतात ते उगाच नाही. घरी कुंड्यांत सराव करा : एकीत रुपया, एकीत जुने दहा पैसे, एकीत बूच, एकीत फॉइलचा गोळा, एकीत चांदीचं जोडवं. वेगवेगळ्या खोलीवर पुरा, कोणाला तरी कुंड्या हलवायला सांगा, आणि डोळे मिटून आवाजावरून ओळखा. महिनाभरात कान तयार होतो. कोणत्या कुंडीत काय आहे याची चिठ्ठी मात्र खाली लावा. माझ्या आईने बुचाच्या कुंडीत गोकर्ण लावलाय आणि आता ती मला हात लावू देत नाही.